मोहाळीची पूर्वस्थिती

ठसाघरातल्या खुर्चीवर बसण्याआधी डोमाजी मारबत्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या.

"बाबा, राहू द्या. इथं सगळे घालूनच येतात," डॉ. हर्षद बोपचे म्हणाले.

"नदीत उतराचं आहे ना जी?" डोमाजी म्हणाले. "वहाना घालून नदीत कोन उतरते?"

बोपच्यांना हसू आलं. कुमुद लांजेवारला आलं नाही. तिनं ते वाक्य वहीत टिपून घेतलं. पुढं कितीतरी वर्षांनी, त्या खोलीतली यंत्रं तीनदा बदलून गेल्यावरही, तिला ती सकाळ आठवायची ती त्या वाक्यासकट. पदार्थविज्ञान विभागाची जुनी इमारत, भिंतींना ठोकलेली तांब्याची जाळी, नवा रंग आणि तापलेल्या तारा यांचा मिसळलेला वास, आणि मासेमार ढिवरांतला ब्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा, डोक्यावर दोन हजार संवेदकांची टोपी चढवून लग्नातल्या व्याह्यासारखा ताठ बसलेला. साल होतं दोन हजार त्रेचाळीस. झाडीपट्टी विद्यापीठाला तेव्हा कुणी फारसं ओळखत नव्हतं.

डोमाजी चहा पीत होते तेवढ्यात कुमुदनं बोपच्यांना बाजूला घेतलं. प्रयोगाच्या कागदावर तिला सही करायची होती.

"मला पुन्हा एकदा सांगा. अगदी साधं करून."

बोपचे मेंदूतज्ज्ञ होते, पण मुळात मास्तरचा मुलगा. समजावून सांगायला त्यांना आवडायचं. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, कुमुदताई. माणूस आठवतो तेव्हा मेंदू ती दर वेळी नव्यानं रचतो. थोडं डोळ्याच्या भागातून, थोडं नाकाच्या, थोडं कातडीच्या. त्या रचनेची एक लय असते. आपलं यंत्र ती लय उचलतं, तो झाला स्मृतिठसा. तीच लय दुसऱ्याच्या मेंदूत हलक्या स्पंदांनी उमटवली, की त्याला ती गोष्ट ऐकल्यासारखी वाटत नाही. जगल्यासारखी वाटते."

"आणि म्हाताऱ्यानं मनानं रचून सांगितलं तर?"

"मग 'हे माझं आहे' ही खूण मेंदूत उमटत नाही. आम्ही तिला आपलेपणाचा अंक म्हणतो. शंभरापैकी ऐंशीच्या खाली गेला, तर यंत्र ठसा घेतच नाही."

"म्हणजे यंत्राला खरंखोटं कळतं."

बोपचे क्षणभर घुटमळले. "यंत्राला प्रामाणिकपणा कळतो."

"तेवढं पुरे," असं म्हणून कुमुदनं सही केली.

तिला घाई होती, आणि घाईला कारण होतं. बारा वर्षं ती विद्यापीठात पर्यावरणाचा सक्तीचा पेपर शिकवत होती. कला, वाणिज्य, विधी, अभियांत्रिकी, सगळ्यांना एकच पेपर, पन्नास गुण आणि एक प्रकल्प. फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो प्रकल्प रंगीत मुखपृष्ठासकट तयार मिळायचा, फक्त नाव बदलून घ्यायचं. एका वर्षी तर त्रेसष्ट प्रकल्पांच्या अकराव्या पानावर 'मी, स्नेहल' असंच राहून गेलं होतं. त्या वेळी कुमुद हसली होती. तिला लागलं ते वेगळंच. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण मिळवणारी एक हुशार मुलगी तिला निरागसपणे म्हणाली होती, "मॅडम, मोहाळी नदी वाईट झाली असं आपण म्हणतो, पण कशावरून? मी पाहते तेव्हापासून ती अशीच आहे."

याचं उत्तर कुमुदला घरी गेल्यावर सुचलं. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणची नदी हीच खरी नदी मानते आणि तिथूनच मोजायला लागते. बापाला जी उजाड वाटते, ती लेकीला नेहमीसारखी वाटते. आधाररेषा दर पिढीला खाली सरकते, आणि काही गमावलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तक्ते आणि आकडे त्यावर काय करणार? ज्या माणसाला कधी माहेरच नव्हतं, त्याला माहेर सुटल्याचं दुःख शिकवायचं कसं? त्याला आधी माहेर द्यायला हवं.

डोमाजींनी डोळे मिटले. पडद्यावर रेषा हलू लागल्या.

"दिसते का बाबा, मोहाळी?"

"दिसते जी." आवाज एकदम कोवळा झाला होता. "पानी असं, का तळचा गोटा न गोटा मोजून घ्या. दोन्ही काठाले मोह. मधात कमळं फुललीत. पल्याड सारसाची जोडी उभी आहे, मान वर करून. पायाखालून गार वारा येते... पानी हाताले ओढते. अन् वास येते, गोड, ओला..."

त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आपलेपणाचा अंक सत्त्याण्णववर जाऊन थांबला.

*

पहिल्या तुकडीत चोवीस मुलं होती, सगळ्या शाखांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. त्यांतली पल्लवी कटरे विधी शाखेची. नागपूरच्या अकराव्या मजल्यावर वाढलेली, नदीत पाय न बुडवलेली, तोंडाळ पोरगी. 'श्रेयांक मिळणार असतील तर येते' असं म्हणून आली होती. टोपी काढल्यावर ती श्रेयांकांचा कागद खुर्चीवरच विसरून उठली. मग तिनं कुमुदला विचारलं, "मॅडम, आता कशी आहे ती?"

दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी, तसं विचारलं होतं.

त्याच दुपारी मुलं तीन किलोमीटर चालत नदीवर गेली. कुमुदनं त्यांना नेलं नव्हतं, ती आपोआप निघाली होती. काळपट पाणी, वाळू उपसून पडलेले खड्डे, कडेला अडकलेल्या पिशव्या. दर वर्षीच्या सहलीत याच काठावर मुलं पाच मिनिटांत कंटाळून भेळेच्या गाडीकडं वळायची. त्या दिवशी कुणी हललं नाही. स्थापत्यशास्त्राचा एक धिप्पाड मुलगा मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. "इथं कमळं होती," पल्लवी सारखी म्हणत होती. "मॅडम, इथं. याच वळणावर."

पुढच्या शनिवारी ती मुलं पुन्हा आली, बाटल्या आणि जाळ्या घेऊन. त्यातून शनिवारचा तास सुरू झाला. दोन वर्षांत तो सगळ्या शाखांना लागू झाला आणि सक्तीचा पेपर बंद पडला. नदीत गुडघाभर उतरायचं, मोजायचं, गोगलगायी, शेवाळ, पाण्याचा वेग; आणि मग आपापल्या विभागात जाऊन आपल्या विद्येनं तिच्यासाठी काय करता येईल ते करायचं. विधीची मुलं अर्ज लिहायची, रसायनवाली सांडपाण्याची नाडी बघायची, मराठीवाली काठच्या म्हाताऱ्यांकडून नदीचे विसरलेले शब्द गोळा करायची. परीक्षा नव्हती. कुमुद चष्म्याला दोरी बांधून पाण्यात मधोमध उभी असायची आणि ओरडायची, "अंदाजे नको! मोजा!"

तिनं स्वतः मात्र ठसा कधी घेतला नाही. बोपच्यांनी कितीदा आग्रह केला. "प्रयोगात एक जण तरी कोरा हवा," ती म्हणायची. खरं म्हणजे तिला कधी कधी हेवा वाटे. शनिवारी दमून परतताना मुलं 'ती' नदी आठवून गप्प होत, आणि त्या गप्प बसण्यात कुमुदला जागा नसे.

वर्षं गेली. ठसा घेतलेली मुलं पाटबंधारे खात्यात गेली, नगरपालिकांत गेली, न्यायालयांत, बँकांत गेली, आणि जिथं गेली तिथं मोहाळीचा विषय निघाला की हळवी झाली. दहा वर्षांत सांडपाणी थांबलं. वाहत्या पाण्यात कमळ तगत नाही हे अभियंत्यांना ठाऊक होतं. तरी 'इथं कमळं होती का?' असं कुणी विचारलं नाही. 'कमळं पुन्हा कशी येतील?' एवढंच विचारलं. त्यांनी वळणावळणाला नदीच्या कुशीत संथ पाण्याचे उपडोह खोदले. त्या उपडोहांत गाळ बसू लागला, पुराचा जोर मोडू लागला, शिंपले आले, मासे अंडी घालू लागले. चौदाव्या वर्षी सारसाची जोडी उतरली तेव्हा पाटबंधारे खात्याच्या मुख्य अभियंत्यानं कुमुदला फोन केला आणि तो तसाच सारसांकडं धरून त्यांचा आवाज ऐकवला. पल्लवीनं मसुदा लिहिलेला पूर्वस्थिती कायदा त्याच सुमारास झाला. नदी जशी होती तशी राखणं बंधनकारक झालं, आणि 'जशी होती' याचा पुरावा म्हणजे डोमाजींचा ठसा.

डोमाजींनी यातलं फारसं काही पाहिलं नाही. ते चौथ्या वर्षीच गेले. नंतर बोपचेही गेले.

एकच गोष्ट शेवटपर्यंत जमली नाही. तो वास. "सगळं आलं मॅडम, पण तो गोडसर वास नाही आला," जुने विद्यार्थी भेटले की म्हणायचे. दोघांनी त्यावर पीएच.डी. केली. सापडला नाही.

*

एकतीस वर्षांनी, एका सोमवारी, ओवी शहारे कुमुदच्या घरी आली. कुमुद आता सत्तरीची होती, गुडघे गेलेले, तरी शनिवारी काठावर खुर्ची टाकून बसायची. ओवी गाळाचा अभ्यास करणारी तिची शेवटची विद्यार्थिनी, काठावरच्या बेलटोला गावची. काठच्या मुलांना ठशाची गरज नाही म्हणून विद्यापीठानं त्यांना सूट दिलेली होती, त्यामुळं ओवीही कोरीच. नदी बरी झाली, आता शनिवार तरी कशाला, असाही एक ठराव विद्यापरिषदेपुढं येऊन पडला होता.

ओवीनं टेबलावर एक लांब पेटी ठेवली. आत नदीतळातून काढलेला गाळस्तंभ होता. मीटरभर लांबीची मातीची कांडी, उभी चिरलेली, पट्ट्यापट्ट्यांची.

"मॅडम, हे कुणाला दाखवण्याआधी तुम्हाला दाखवायचं होतं."

"चेहरा का असा?"

"ही रेघ बघा. साठच्या दशकात जगभर अणुचाचण्या झाल्या, त्यांची राख सगळीकडच्या गाळात बसली. ही रेघ एकोणीसशे त्रेसष्टची. जगात कुठंही हिच्यावरून काळ मोजता येतो." तिनं बोट खाली सरकवलं. "आणि हा काळा थर. कागदगिरणीचा लगदा. रेघेच्या खाली सुरू होतो, म्हणजे त्रेसष्टच्या आधी. साधारण चौपन्नला."

कुमुदला कळायला वेळ लागला नाही. डोमाजींचा जन्म एकसष्टचा.

"ते जन्मले तेव्हा नदी मेलेली होती," ती हळूच म्हणाली.

"हो. आणि मॅडम, कमळ." ओवीचा आवाज खाली आला. "कमळाचे परागकण मला फक्त वरच्या पट्ट्यात मिळाले. उपडोह झाल्यानंतरच्या. त्याखाली चारशे वर्षांच्या गाळात एकही नाही. डोमाजींची नदी कुठल्याच थरात नाही."

गिरणी सुरू झाल्याचं साल ग्रंथालयातल्या जुन्या गॅझेटियरमध्ये छापलेलं होतं. कुमुदनं ते पान शंभरदा उघडलं असेल. डोमाजींच्या जन्मसालाशी ते ताडून पाहायला एक मिनिट पुरलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'मोजा' म्हणणाऱ्या बाईनं ते एक मिनिट दिलं नव्हतं, कारण तिला ती नदी हवी होती.

"तीन आठवड्यांनी सुनावणी आहे," ओवी म्हणाली. वरच्या अंगाला वाळू काढायला एका खनिज कंपनीला परवानगी हवी होती, त्यासाठी सात उपडोह बुजवावे लागणार होते. आड येत होती ती फक्त पूर्वस्थिती. "मॅडम, मी हे आत्ताच छापलं नाही तर?"

"तर तू माझी विद्यार्थिनी नाहीस," कुमुद म्हणाली. आणि उठताना, "चल, आधी बेलटोल्याला जाऊ. डोमाजींची धाकटी लेक आहे अजून."

सगुणाबाई ऐंशी उलटलेली, पण डोळ्यांत धग होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, ओवीला माळ्यावर चढवलं आणि एक जाडजूड गुंडाळी खाली आणवली. दोघींनी मिळून ती अंगणात उलगडली.

कापडी पडदा होता. वीस फूट लांब, जागोजागी शिवलेला, रंग उडालेला. दोन्ही काठांवर मोह फुललेला. काचेसारखं पाणी, तळाशी एकेक गोटा. मधोमध कमळं. पल्याड सारसाची जोडी, मान वर करून.

कुमुदनं मान वळवून अंगणापलीकडं पाहिलं. तिथं मोहाळी वाहत होती. तेच वळण, तेच मोह, तीच कमळं.

"गावची नाटकमंडळी होती जी," सगुणाबाई म्हणाली. "माह्या पणज्याच्या वेळची. दरसाल भाऊबीजेले मंडई भरे, जत्रेवानी, तिथं खेळ. पडदा नागपूरच्या चिताऱ्याकडून करून आनला. त्यानं काही आपली नदी पाह्यली नव्हती. त्याले सांगितलं नदी काढ, त्यानं त्याच्या मनानं काढली. बाबा लहान होता, त्याले काम एकच, पडद्याचं खालचं टोक धरून हलवाचं, म्हनजे पानी हालल्यावानी दिसे. वारा खालून येई. थंडीचे दिवस."

'पानी हाताले ओढते.' कुमुदच्या कानात तो आवाज आला. ती कष्टानं वाकली आणि कापडाला नाक लावलं. ओला, गोडसर वास.

"चिंचोक्याची खळ," सगुणाबाई म्हणाली. "दरसाल लावते मी, नाही तं फाटून जाईल."

"तुमच्या बाबांनी आम्हाला हे सांगितलं नाही."

"बाबा खोटं नाही बोलला जी," म्हातारी एकदम ताठ झाली. "माह्या आज्यानं मासा पकडलाच नाही कधी, गिरनीत लगदा उचलला. घरामागं काळं पानी. त्याले कोनी नदी म्हनेच ना, नाला म्हनत. नदी म्हनलं का बाबाले हेच दिसे. दुसरी होतीच कुठं त्याले?"

परत येताना कुमुद गाडीत एवढंच म्हणाली, "हर्षदराव बरोबर बोलले होते, यंत्राला प्रामाणिकपणा कळतो. मीच ऐकलं नाही."

*

नदी अधिकरणाच्या अध्यक्षपदी पल्लवी कटरे होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, केस पिकलेले. कुमुद साक्षीला उभी राहिली तेव्हा त्यांनी सवयीनं उठून नमस्कार करायला हात जोडले, मग भान येऊन बसल्या.

कुमुदनं काही राखून ठेवलं नाही. गाळस्तंभ, राखेची रेघ, परागकण, पडदा. तिचा आवाज एकदाच कापला, "चूक यंत्राची नाही, माझी आहे" असं म्हणताना. सभागृहात निम्मे लोक झाडीपट्टीचे पदवीधर होते. कुणीतरी मागं हुंदका दिला.

पल्लवींनी समोरचा कागद मिटून ठेवला. मग अध्यक्षाचा आवाज बाजूला ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, तीस वर्षं मी एका कापडाला माहेर समजत आले?"

"हो," कुमुद म्हणाली.

कंपनीचे वकील उठले. ते हुशार होते आणि त्यांनी वेळ दवडला नाही. "माननीय अध्यक्ष, कलम तीन म्हणतं, पूर्वस्थिती म्हणजे साक्षीदारानं वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्रत्यक्ष पाहिलेली नदी. कै. मारबत्यांनी प्रत्यक्ष पाहिलं ते गिरणीचं काळं पाणी. कायद्यानं राखायचं असेल, तर तेच राखावं लागेल."

सभागृहात कुजबुज वाढली. ती कुजबुज संपेपर्यंत पल्लवींच्या चेहऱ्यावरची मुलगी मागं गेली होती आणि वकील पुढं आली होती.

"कलम तीन मीच लिहिलंय, वकीलसाहेब. साक्षीदार एकच असावा असं त्यात म्हटलेलं नाही. एकाहून जास्त असले तर ज्याची नदी सर्वांत समृद्ध, ती धरावी, असं पुढच्याच ओळीत आहे." त्यांनी समोर पाहिलं. "आजची मोहाळी वयाच्या बारा वर्षांच्या आत प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी इथं आहे?"

ओवी उभी राहिली. "मी तिथंच पोहायला शिकले."

"पण ती नदी तर या लोकांनी बनवलेली आहे!" वकील म्हणाले.

"कलमात 'पाहिलेली' एवढाच शब्द आहे. कुणी बनवली, हे कायदा विचारत नाही."

खाली सरकणारी रेषा वरही सरकू शकते, हे इतक्या वर्षांत कुमुदच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. नियम तोच होता. ज्यानं लहानपणी जी नदी पाहिली, तीच त्याची नदी.

अधिकरणानं ओवीचा ठसा घ्यायचा आदेश दिला. तो तपासून प्रमाणित करायला असा तज्ज्ञ हवा होता, ज्याच्या डोक्यात मोहाळीचा दुसरा ठसा नाही. विद्यापीठात शोधाशोध झाली. तीस वर्षांतला प्रत्येक प्राध्यापक डोमाजींची नदी घेऊन बसलेला. कोरी अशी एकटी कुमुद निघाली.

*

टोपी आता पूर्वीसारखी जड राहिली नव्हती. तंत्रज्ञ वासनिक नोंदवही उघडून बसला. ओवीचा अंक अठ्ठ्याण्णव आला होता. कुमुदनं डोळे मिटले.

आधी पाणी आलं. छातीपर्यंत, म्हणजे ती ठेंगणी होती, सहा-सात वर्षांची. पायाच्या बोटांत वाळू. डोळ्यांच्या उंचीवर कमळाचं पान, त्यावर बसलेला बेडूक. कुठंतरी सारस ओरडला आणि तो आवाज पोटात घुमला. हे होतं तर. मुलांच्या त्या गप्प बसण्यात कुमुद कधी नव्हती.

मग कलकलाट ऐकू आला. वळणावरून माणसं येत होती, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, हातात बाटल्या, जाळ्या. धपाधप पाण्यात उतरली. एकानं आरोळी दिली, "सेहेचाळीस!" दुसरा म्हणाला, "परत मोज!" आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक उंच बाई, झाडासारखी उंच, चष्म्याला दोरी बांधलेली, ओढणी कमरेला खोचलेली, ओरडत होती, "अंदाजे नको!" पोरीला ती फार आवडत होती. सारस आवडावा तशी. पोरीच्या मनात ही माणसं आणि सारस वेगळे नव्हतेच. दोघंही नदीचे. सारस सकाळी यायचा, ही शनिवारी यायची. बाकीचे दिवस नदी जरा सुनी वाटायची, मग पोरगी काठावर बसून दिवस मोजायची.

बाई वळली. पोरीकडं बघून हसली आणि हातातली बाटली तिच्यापुढं धरली, "घे, तू भर." कुमुदला ते कधी केलेलं आठवत नव्हतं. पण ते हसू आपल्याच आईचं आहे, हे मात्र कुमुदनं ओळखलं.

तिनं टोपी काढली तेव्हा वासनिकनं पाण्याचा पेला पुढं केला. ती प्यायली नाही. ज्या शनिवारांना ती रोजचं काम समजून उन्हातान्हात थकून परतायची, तेच कुणाचं तरी बालपण होतं. तिला ते शनिवार एकदम हवेसे झाले, आणि ते परत मिळणार नव्हते.

"मॅडम, नोंद घ्यायची ना?"

"घे." तिनं डोळे पुसले. "पाणी, तळ दिसेल इतकं स्वच्छ. सारस, एक जोडी. उपडोहात कमळं. मोह, दोन्ही काठांना. वास—" ती थांबली. "वास शेवाळाचा. गोड नाही. असाच लिही."

वासनिक लिहीत गेला.

"विद्यार्थी," कुमुद म्हणाली.

त्यानं मान वर केली. "विद्यार्थी नदीचा भाग कसे होतील, मॅडम?"

"साक्षीदारानं बारा वर्षांच्या आत प्रत्यक्ष पाहिलेत. लिही. दर शनिवारी, गुडघाभर पाण्यात. सगळ्या शाखांचे. चाळीस तरी."

वासनिकला आता उमगलं. पूर्वस्थितीत जे नोंदलं जातं, ते राखणं कायद्यानं बंधनकारक असतं. शनिवार बंद करायच्या विद्यापरिषदेपुढच्या ठरावाचं काय होणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं आणि तो हसू दाबत पुढं लिहू लागला.

"आणखी काही?"

"एक शिकवणारी बाई. मधोमध उभी."

"संख्या एक?"

"एक." कुमुदनं थोडा विचार केला. दाराबाहेर ओवी वाट पाहत उभी होती. "पण ती जागा रिकामी राहता कामा नये, असं शेजारी लिही."